डावी टाच

मुस्तफा तांडेलाच्या गलबतातून ते लोखंड मालवण बंदरात उतरलं तेव्हा ते काय आहे हे कुणालाच सांगता येईना. सन छप्पन्नचा कार्तिक. मुस्तफा नारळ आणि सुकी मासळी घेऊन मुंबईला गेला होता आणि परतीला त्याला पुरता माल मिळाला नव्हता. हलकं गलबत वाऱ्यात कलंडतं, त्याला तळाशी वजन लागतं. म्हणून त्याने माझगावच्या एका भंगारवाल्याकडून साखळदंडाचे तुकडे, फुटकी चाकं, रुळाचे गट्टू असं काय मिळेल ते भरून घेतलं. त्यातच हे आलं.

कमरेइतकं उंच ओतीव बूड. खाली शिवणयंत्राला असतो तसा पायटा. बाजूला मोठं चाक. वर आडवा दांडा, आणि दांड्याच्या टोकाला मुठीएवढा गड्डा. त्या गड्ड्यात दोन पाती समोरासमोर बसवलेली होती, पण सरळ नव्हे. दोन्हींना सारखाच आत गेलेला बाक होता. पात्यांच्या मागे दांड्यावर एक लहानशी चकती गंजून बसली होती. तिला धारच नव्हती.

बंदरावरच्या माणसांना त्या दिवशी दुसरं काम नव्हतं. कुणी म्हणालं, नारळ खवायचं. कुणी म्हणालं, काजू फोडायचं. जकातीचा कारकून खाली उतरला, रुमालाने गंज पुसून त्याने अक्षरं वाचली आणि म्हणाला, "लीसेस्टर. विलायतेतल्या गावाचं नाव आहे. पुढे नुसते आकडे आहेत. कामाचा काही उल्लेख नाही."

तुळसा तिथे बांगडे घ्यायला आली होती. भरडाच्या रस्त्याला वहाणा शिवणाऱ्या शिवाची ती बायको. वय चाळिशीचं, मुलगी कणकवलीला दिलेली, घरात आता नवरा-बायको दोघंच. तिने बांगड्यांची टोपली खाली ठेवली, गर्दीतून वाट काढली आणि गड्ड्याच्या मागच्या फटीत नख घालून काळा चिकट कपचा उकरून काढला. तो नाकाशी धरला.

"ह्यां चामडां आसा," ती म्हणाली.

माणसं हसली. "खाऱ्या पाण्यात आठ दिस भिजलां, आता तेका कसलो वास येतलो गो?"

"तुमका नाय येवचो. माझो जल्म गेलो ह्या वासात."

मुस्तफा पुढे आला. उंच, उन्हाने काळवंडलेला माणूस, पण डोळे लहान मुलासारखे. त्याने तो कपचा हुंगला, पुन्हा हुंगला. त्याला मासळी आणि डांबराखेरीज काही कळलं नाही. तरी तो म्हणाला, "तुका कळता तर तू घेवन जा. हेचां काम काय तां शोधून काढलास तर तुमचां. नाय जमलां तर परत द्या, माका तळाक घालूक होतलां."

चार माणसांनी ते वाशांवर घालून शिवाच्या ओसरीवर नेऊन ठेवलं. शिवा आरी हातात घेऊन बघत राहिला. पन्नाशीचा, हाताचा पक्का, तोंडाने कमी. तो एवढंच म्हणाला, "बांगडे खंय?"

बांगडे बंदरावरच राहिले होते.

---

पहिले दोन दिवस नुसतं घासण्यात गेले. रॉकेल, राख, खोबरेल, काथ्या. शिवाने कुरकुरत का होईना, चाकासाठी चामड्याचा पट्टा कापून शिवून दिला. पायटा मारला की चाक फिरायचं, पट्टा दांड्याला फिरवायचा आणि गड्डा असा गरगरायचा की पाती दिसेनाशी व्हायची. वारा लागायचा. एवढं सगळं झालं, पण पुढे काय?

शिवाने चामड्याची पट्टी लावून पाहिली. यंत्राने ती हातातून हिसकून शेजाऱ्याच्या अंगणात फेकली.

"कापूचां नाय ह्यां," तो म्हणाला. "उगाच कोणाचां बोट जातलां."

तुळसाचं लक्ष त्या पात्यांच्या बाकावर होतं. कुणीतरी मुद्दाम, मोजून तो बाक घडवला होता. वर थोडा फुगलेला, मग आत गेलेला, खाली पुन्हा किंचित बाहेर. म्हणजे या बाकात काहीतरी नेमकं बसत असणार. ती दिवसभर हाताला येईल ती वस्तू घेऊन त्या बाकाला लावून बघू लागली. रापीची मूठ. वहाणेच्या लाकडी फर्म्याचं नाक. करवंटी. पाटाचा पाय. कशाचंच जुळेना.

"जेवण करतलंस काय दिसभर तेकाच भरवीत ऱ्हवतलंस?" शिवाने विचारलं.

"कायतरी बसता हेच्यात. माका ठाऊक नाय इतक्याच."

तिसऱ्या दिवशी सकाळी गुलजार आली. गुलजार ही मुस्तफाच्या घरी धुणंभांडी करणारी म्हातारी विधवा. तिच्या हातात फडक्यात गुंडाळलेल्या सँडल होत्या. मुस्तफाची बायको खैरुन्निसा हिच्या. खैरुन्निसाचा भाऊ बोटीवर खलाशी होता, त्याने एडनहून आणलेल्या. तपकिरी, बक्कल असलेल्या, दीड इंच उंच टाचेच्या. मालवणात तशी दुसरी जोडी नव्हती.

"डावी टाच गेली हां," गुलजार म्हणाली. "बीबी म्हणता, लवकर व्हयी."

ती गेल्यावर तुळसाने उजवी सँडल उचलली. जरा वेळ हातात फिरवली. मग उठली, यंत्रापाशी गेली आणि ती टाच पात्याच्या बाकाला लावली.

टाच बाकात अशी बसली की मध्ये केसही शिरला नसता.

"अवो! हयसर येवा! पयले येवा!"

शिवा आला, वाकला, एक डोळा मिटून बघितलं. मग आपल्या हाताने टाच काढून पुन्हा लावली. "टाच तासूचां यंत्र," तो हळूच म्हणाला. आजवर टाच म्हणजे चामड्याचे थर खिळ्यांनी ठोकायचे, रापीने सोलायचे, कानस मारायची आणि शेवटी काचेच्या तुकड्याने खरवडत बसायचं. एका टाचेला अर्धा तास. आणि दोन टाचा कधीही हुबेहूब सारख्या होत नसत. हे त्याच्याएवढं कुणाला ठाऊक होतं?

त्याने आपलीच जुनी वहाण घेतली, टाचेला थर ठोकले आणि पायटा मारायला बसला. तुळसाने वहाण धरली. चामड्याची भुशी उडाली, टाच गोल व्हायला लागली, आणि पुढच्या क्षणी पात्याने वरचा पट्टाही साफ उडवला.

"झालां. व्हाण गेली," शिवा म्हणाला.

तुळसा मात्र त्या बिनधारेच्या चकतीकडे बघत होती. सुरी बनवणाऱ्याने सुरीशेजारी बोथट तुकडा कशाला ठेवावा? तिने तेल सोडून, हातोडीने हलके ठोकून ती चकती सोडवली. चकती दांड्यावरून सरकत पात्यांच्या अगदी कडेला येऊन बसली.

"गलबतां एकमेकाक घासू नयेत म्हणान मधी दोराची गुंडाळी टाकतत ना, तशी ही," ती म्हणाली. "टाच आणि वरचां चामडां हेंच्या मधी ऱ्हवता. पात्याक वर जावक देणा नाय."

दुसरी वहाण तशी धरली. या वेळी चकती टाच आणि वरच्या चामड्यामधल्या खोबणीत चालली आणि पात्याने फक्त टाचेला हात लावला. पायट्याचे चाळीस-पन्नास फेरे झाले असतील. शिवाने टाचेवरून अंगठा फिरवला. नदीतल्या गोट्यासारखी लागली. त्याने तिसरी वहाण ओढली आणि थर ठोकायला घेतले.

---

यंत्राचं कोडं सुटलं, पण त्यातूनच तुळसाला दुसरं लागलं. एडनच्या सँडलची उजवी टाच शाबूत होती. डावी बाहेरच्या अंगाने सपाट होईतो झिजली होती. एकाच बाईने, एकाच वाटेने, एकाच वेळी घातलेली जोडी. मग एकच टाच का जावी?

तिला आठवलं, त्या घरच्या सपाता याआधीही कितीदा आल्या होत्या. दर वेळी डावीच. खैरुन्निसाला तिने जवळून कधी बघितलं नव्हतं. लांबून, डोक्यावरून पदर घेतलेली, दोनदा उरुसाला. पण तिच्या डाव्या पायाला ती गेली सात-आठ वर्षं ओळखत होती.

तिने दुकानातल्या सगळ्या वहाणा ओळीने उलट्या घातल्या. पोस्टमनच्या दोन्ही टाचा बाहेरून झिजलेल्या, पण दोन्ही सारख्या. शाळामास्तरांच्या चपला पुढून गेलेल्या. धामापूरहून पायी येणाऱ्या एका कुळवाड्याच्या वहाणेला भोक पडलेलं, तेही दोन्हींना. एकच बाजू अशी कुणाचीच नव्हती.

"लोकांच्या पायांचां आपणाक काय करूचां आसा?" शिवा म्हणाला.

"कायच नाय. बघूक काय जाता?"

तिने आपल्या उजव्या चपलेला तीन थर ठोकले, डावी तशीच ठेवली, आणि ती जोडी घालून विहिरीवर गेली. दिवसभर तशीच वावरली. शेजारणी विचारायला लागल्या, काय गो, पाय मुरगळलो? दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती ओसरीवर टेकली आणि तिला उठवेना. कमरेच्या वर, एका अंगाला, कुणीतरी मूठ रोवून ठेवल्यासारखं दुखत होतं. आणि डाव्या चपलेची टाच बघितली तर दोनच दिवसांत तिच्यावर जास्तीचा घासा पडला होता. आखूड पडणारा पाय जमिनीवर आदळतो, त्याचा तो घासा.

गुलजार सँडल न्यायला आली तेव्हा तुळसाने विचारलं, "तुझ्या बीबीची पाठ दुखता काय गो?"

गुलजारने तोंडावर हात ठेवला. "तुका कोणी सांगलां? धा वर्षां झाली. धामापूरच्या वैद्याचां तेल झालां, कणकवलीच्या डाक्टराची सुई झाली, तावीज झालो. रातीची कूस बदलूक जमणा नाय तिका."

"सँडली मी स्वता घेवन येतंय म्हणान सांग."

---

मुस्तफा तेव्हा पुन्हा समुद्रावर गेलेला होता. खैरुन्निसा पडवीत बाजल्यावर बसून तांदूळ निवडत होती. पस्तीस वर्षांची, गोरी, बोलायला तुटक पण चटपटीत. तुळसाला तिने बसायला चटई दिली आणि सँडलकडे बघायच्या आधीच विचारलं, "त्या लोखंडाचां काय झालां? माका कोणी धड सांगणाच नाय. आमचे हे म्हणतत, तू नुसतो वास घेवन वळखलंस?"

तुळसाने सगळं सांगितलं. खैरुन्निसा एकेक गोष्ट दोनदा विचारत होती. चकती कुठे होती, पातं कसं वळलं होतं, चाक कोण मारतं. तांदळाचं सूप तसंच मांडीवर राहिलं.

मग तुळसा म्हणाली, "बीबी, वायच उभी ऱ्हवतास? भिंतीक पाठ लावन."

"कित्याक?"

"माका एक बघूचां आसा. चुकलंय तर चुकलंय."

खैरुन्निसाला मजा वाटली. ती उठून भिंतीला टेकून उभी राहिली. तुळसाने कनवटीतून खडू काढला, दोन्ही अंगांना कमरेचं हाड चाचपलं आणि भिंतीवर दोन रेघा मारल्या. मग तिला बाजूला केलं. दोघी बघायला लागल्या. उजवी रेघ वर होती, डावी खाली.

तुळसाने पिशवीतून चामड्याचे कापलेले तुकडे काढले. खैरुन्निसाला पुन्हा उभं केलं आणि डाव्या पायाखाली एक तुकडा सरकवला. मग दुसरा. मग तिसरा. तिसऱ्याला दोन्ही रेघा एका पातळीत आल्या.

"अर्धो बोट," तुळसा म्हणाली. "डावो पाय तुमचो अर्धो बोट आखूड आसा."

खैरुन्निसाचा चेहरा उतरला. ती तुकड्यांवरून खाली उतरली आणि हळूच म्हणाली, "दार लोट."

तुळसाने दार लोटलं.

नऊ वर्षांची असताना ती आजोळी रातांब्याच्या झाडावरून पडली होती. हाडवैद्याने मांडी बांधली. तीन महिन्यांनी सोडली तेव्हा ती लंगडत होती. तिच्या आईने रोज दुपारी तिच्या डोक्यावर पाण्याचा तांब्या ठेवून तिला मागच्या अंगणात चालवलं. पाणी सांडलं की पुन्हा पहिल्यापासून. दोन वर्षं. शेवटी तांब्या हलेनासा झाला. मग आईने तिला कुराणावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली की हे कुणाला सांगायचं नाही. लग्न जमायचं होतं.

"सतरा वर्षां झाली लग्नाक," ती म्हणाली. "ह्यांका ठाऊक नाय. आवस मेली माझी, तरी तोंडातसून काडूक नाय मी. पण पाठ दुखता ती तेच्यान, ह्यां माका कधी वाटूकच नाय गो. पाय कधी दुखाकच नाय."

"टाच उंच करून दिली तर बरां वाटात," तुळसा म्हणाली. "वाटात म्हणतंय. मी काय डाक्टर नाय."

"आणि लोकांका दिसात त्याचां काय? एक टाच उंच, एक बारीक?"

तुळसाने थोडा विचार केला. "माका चार दिस द्या. आणि बीबी, माझ्या घोवाक सांगूक लागतलां. चाक तोच मारता."

"तो बोलतलो?"

"तो माझ्यावांगडाही बोलणा नाय."

खैरुन्निसा हसली. मग आतून कपबशीत चहा आला, आणि खैरुन्निसाने तो आपल्या हाताने तुळसाच्या हातात दिला. पेठेतल्या घरांतून तुळसाला चहा मिळे तो वेगळ्या ठेवलेल्या पेल्यात. ती कपाकडे क्षणभर बघत राहिली आणि मग प्यायली.

---

शिवाने सगळं ऐकून घेतलं. सँडल गुडघ्यांवर ठेवली. अंगठ्याने टाचेचे थर मोजले. तुळसाला वाटलं, आता म्हणेल, नसती भानगड. पण तो म्हणाला, "सगळां डावीक चढवलां तर दिसतलां. एक थर उजवीचो उतरव. एक डावीक चढव. ऱ्हवलेलो एक आत घाल, पायाच्या बुडाखाली, टाचेकडे. थंय कोण बघता?"

तुळसाने लगेच रापी उचलली.

आता यंत्राचं खरं काम होतं. उंची वेगळी, पण आकार एकच दिसायला हवा. माणसाचा डोळा उंची मोजत नाही, बाक बघतो. हाताने तासलेल्या दोन टाचा इथे फसल्या असत्या. कुठेतरी एक पोटाशी जाड, एक बारीक झाली असती. पातं दोन्हींना तेच होतं. शिवा पायटा मारत राहिला. तुळसाने श्वास धरून आधी उजवी फिरवली, मग डावी. शेवटी शिवाने दोन्ही टाचांना काळं मेण चढवलं आणि जोडी पाटावर ठेवली. शेजारणीला बोलावून तुळसाने विचारलं, "ह्येच्यात काय दिसता?"

"सँडली दिसतत," शेजारीण म्हणाली. "बऱ्या आसत. कोणाच्यो?"

मुस्तफा घरी नसताना खैरुन्निसा सँडल घालून घरातही वावरायची, पण पहिल्या आठवड्यात तिचं दुखणं वाढलं. गुलजार धावत आली, बीबी रडता म्हणून. तुळसा घाबरली. रात्री तिला झोप आली नाही. मग तिला वाटलं, सव्वीस वर्षं जे शरीर वाकडं उभं राहायला शिकलं त्याला आपण एका दिवसात सरळ केलं. ते बिचारं काय करणार? तिने आतला थर काढला. डावीचा वाढवलेला थरही अर्धा तासून टाकला. पंधरा दिवसांनी थोडा वाढवला. पुन्हा पंधरा दिवसांनी थोडा. पुरती उंची यायला माघ उजाडला. शिमग्याच्या सुमाराला गुलजारने सांगितलं, बीबी काल रातीची सरळ झोपली. पूर्ण गेलं नव्हतं. गार पहाटे अजून ठणकायचं. पण कूस बदलता यायची.

अडचण एकच होती. घरात सगळे अनवाणी. मुस्तफा घरी असला की सँडल बाहेर जातानाच, आणि खैरुन्निसा बाहेर जाणार कितीशी? फरक टिकायचा तर ती दिवसभर पायांत हवी. तुळसाने तिला घरात वापरायला मऊ सपातांची जोडी तशीच करून दिली. खैरुन्निसा ती घालून चुलीपाशीही वावरायला लागली, आणि मुस्तफा एका फेरीहून परत आला तो थेट स्वयंपाकघरात.

"घरात व्हाणा?" त्याने विचारलं.

ती काहीतरी सांगू शकली असती. फरशी थंड लागते, सर्दी झाली, काहीही. तिने तव्यावरची घावणं उतरवली, त्याला बसायला सांगितलं, आणि रातांब्याच्या झाडापासून सगळं सांगितलं.

---

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मुस्तफा शिवाच्या ओसरीसमोर येऊन उभा राहिला. यंत्र परत न्यायला आला, असंच तुळसाला वाटलं. शिवा उठून उभा राहिला.

मुस्तफा ओसरीच्या कडेला बसला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"धा वर्षां तेल मी स्वता चोळलंय," तो म्हणाला. "पाठीक. घरात आसंय तेव्हा रोज. दुखता थंयच बघीत ऱ्हवलंय. पायाकडे बघूकच नाय." मग म्हणाला, "गलबत एका अंगाक कललां तर मी झोपेत वळखतंय. आणि घरात..."

त्याने मान वर केली.

"ती माका भियाली, तुळसा. सतरा वर्षां. मी काय असो माणूस आसंय?"

तुळसाने हातातलं काम खाली ठेवलं. "भिया लग्नाच्या टायमाचां होतां, मुस्तफाभाय. मगे तुमची वळख झाली तवसर सांगूची येळ निघान गेलेली. काल सांगलान ना तिणा?"

"सांगलान."

"मगे?"

मुस्तफाने नाक पुसलं आणि त्याची नजर यंत्रावर गेली. "माका दाखव तरी," तो म्हणाला, "कसां करतास तां."

शिवाने जागा करून दिली. मुस्तफा स्वतः पायटा मारायला बसला, आणि मारला तो इतक्या जोराने की पट्टा सुटून त्याच्या कानाला लागला. शिवा हसला. शिवाला हसताना तुळसाने कधी बघितलं होतं तेही तिला आठवेना. मग मुस्तफाने पट्ट्याची जागा विचारली, चकतीचं काम विचारलं, पात्याला धार कशी लावता ते विचारलं, आणि बोटाने तो बाक चाचपत म्हणाला, "पात्यांची ही एकच जोडी आसा? विलायतेतल्या सगळ्या बायलांची टाच एकाच मापाची कशी असात?"

तुळसाला हा प्रश्न पडलाच नव्हता.

पुढच्या फेरीत त्याने माझगावला जाऊन भंगारवाल्याला गाठलं. ते लोखंड जिथून आलं त्या बंद कारखान्याचा आणखी माल त्याच्याकडे पडून होता. मे महिन्यात, गलबतं किनाऱ्यावर ओढायच्या आधी मुस्तफा परतला तो एक लाकडी पेटी घेऊन.

शिवाच्या घरी पेटी घेऊन मात्र तो आला नाही. खैरुन्निसा आली. बंदरापासून भरडापर्यंत चालत, मागे गुलजार पेटी डोक्यावर घेऊन. "बीबी, गाडी तरी करूची," तुळसा म्हणाली. खैरुन्निसा ओसरी चढली, चटईवर बसली आणि पेटीचं झाकण उघडलं.

तेलकट कागदांत गुंडाळलेल्या पात्यांच्या सात जोड्या होत्या. तुळसाने गोणपाट पसरलं आणि दोघींनी एकेक उघडून ओळीने मांडल्या. एक रुंद, जवळजवळ सरळ. "ही सोजिराच्या बुटाची असतली," शिवा लांबूनच म्हणाला. एक ठेंगणी, घोड्याच्या खुरासारखी. एक एडनच्या सँडलसारखीच, पण थोडी उंच. आणि सगळ्यांत तळाशी एक जोडी अशी की तिचा बाक वरून भरभर आत गेलेला, आणि खाली उरत होती जेमतेम अंगठ्याएवढी जागा.

खैरुन्निसाने ती उन्हात धरली. "ह्येच्यावर बायल उभी ऱ्हवता?"

"ऱ्हवत असतली. उगाच कोण पातां घडवीत?"

"चलता कशी?"

"तांच तर."

"वजन खंय जाता मगे? सगळां बोटांवर?" खैरुन्निसा उठून उभी राहिली आणि ओसरीवर चवड्यांवर चालून बघायला लागली. चार पावलं गेली, खांब धरला, हसली. गुलजारने कपाळावर हात मारला.

"चामडां फुकट जातलां," शिवा म्हणाला.

"परसात पोपयो आसा, हिरवो," तुळसा म्हणाली.

तिने पपई आणली, देठाकडचा घट्ट तुकडा कापला. शिवाने जुनी पाती काढून ती बारीक जोडी बसवली, दोनदा दाबून बघितली आणि पायट्यावर पाय ठेवला. पहिल्याच फेऱ्याला पांढरा चीक सगळ्यांच्या अंगावर उडाला. तुळसाने तुकडा सावकाश फिरवला. जे उरलं ते तिने तळहातावर उभं केलं. फिकट हिरवी टाच. वरून रुंद, मध्ये निमुळती, खाली बोटाच्या पेराएवढी.

खैरुन्निसाने ती उचलली, पाटावर ठेवली आणि वरून एक बोट हलकेच टेकवलं. टाच उभी राहिली. तिने दुसरं बोट टेकवलं.

"आता दोन बोटांचां वजन घेता," ती म्हणाली. "तुळसा, तू वायच दाब बघया."